‘त्याच्यानंतर’ या शब्दाचा इतिहास : बेभरवशाचा पालक आणि अपत्याच्या ताब्याचा प्रश्न (१८५६–२०२४)

सारांश

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक म्हणून प्रथम पिता व ‘त्याच्यानंतर’ माता असा क्रम दिलेला आहे. पिता हयात असूनही अपत्याची जबाबदारी घेत नसेल, तर मातेचे कायदेशीर स्थान कोणते, हा प्रश्न या एका शब्दामुळे निर्माण झाला. प्रस्तुत लेखात १८५६ ते २०२४ या काळातील कायदे, महाराष्ट्राशी व गोव्याशी संबंधित काही महत्त्वाचे न्यायनिर्णय आणि चरित्रपर वाङ्मयातील नोंदी यांच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. रायगड जिल्ह्यातील गागोदे बुद्रुक हे गाव या विवेचनाचा स्थानिक संदर्भ म्हणून घेतले आहे. मातेचा अधिकार कायद्याने दीर्घकाळ तिचा स्वतंत्र हक्क म्हणून मान्य केला नाही. पित्याची अनुपस्थिती सिद्ध झाल्यावर उरणारा हक्क म्हणून तो मान्य केला, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : नैसर्गिक पालक, ताबा, पाल्य, मुलाचे हित, अनुपस्थिती, कोकण.

प्रस्तावना

पेण तालुक्यातील गागोदे हे गाव महाराष्ट्राला आचार्य विनोबा भावे यांचे जन्मस्थान म्हणून परिचित आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म येथे झाला. त्या वेळी हा भाग कुलाबा जिल्ह्यात मोडत असे. १ जानेवारी १९८१ पासून या जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. विनोबांचे वडील नरहर शंभुराव भावे नोकरीनिमित्त बडोद्यास राहत. आई रुक्मिणीबाई व मुले यांचा आरंभीचा काळ गागोद्यास, आजोबा शंभुराव यांच्या घरात गेला. बालपणीच्या संस्कारांचा उल्लेख करताना विनोबांनी आजोबांचे व आईचे ऋण वारंवार मान्य केले आहे.

या सर्वपरिचित चरित्रात एक कायदेशीर तपशील दडलेला आहे. त्या काळच्या कायद्यानुसार या मुलांचे नैसर्गिक पालक बडोद्यास होते आणि मुले गागोद्यास होती. प्रत्यक्ष संगोपन आई व आजी-आजोबा करीत होते. ही रचना कोणालाही खटकली नाही, कारण वडील जबाबदार होते आणि घर एकत्र होते. कोकणातील असंख्य घरांची रचना अशीच होती. कर्ता पुरुष मुंबईस किंवा अन्यत्र चाकरीस, आणि बायको, मुले व म्हातारी माणसे गावी. घरी येणारी मनीऑर्डर व सणासुदीस येणारा चाकरमानी यांवर हा संसार उभा असे.

परंतु मनीऑर्डर थांबली, चाकरमानी येईनासा झाला, किंवा वर्षातून एकदा येऊन मुलाला घेऊन जाण्याची भाषा बोलू लागला, तर त्या मुलाचा पालक कोण? ज्याचे नाव कागदावर आहे तो, की जी त्याला रोज वाढवते ती? या प्रश्नाला कायद्याने दिलेली उत्तरे गेल्या पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलली. तो बदल कसा घडला याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

परंपरा आणि रूढी

धर्मशास्त्रग्रंथांत पालकत्वाविषयीचा विचार मुख्यतः मालमत्तेच्या अंगाने आलेला आहे. अज्ञान वारसाच्या धनाचे रक्षण राजाने करावे, असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. मुलाच्या देहाचा ताबा, म्हणजे त्याने कोणाजवळ राहावे, हा प्रश्न स्वतंत्रपणे फारसा चर्चिला गेला नाही. एकत्र कुटुंबात मूल सर्वांचे असल्याने तो उपस्थित होण्याचे कारणही क्वचितच पडे. १९५६ च्या अधिनियमातील कलम १२ मध्येही या रचनेचा ठसा उरला आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील अज्ञानाच्या अविभक्त हिश्श्यासाठी, ती मालमत्ता कुटुंबातील प्रौढ व्यक्तीच्या व्यवस्थेखाली असल्यास, स्वतंत्र पालक नेमता येत नाही.

महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड व पाट या रूढी प्रचलित होत्या. त्यामुळे ज्या समाजांत स्त्रीला पहिल्या नवऱ्यापासून मोकळे होऊन दुसरे घर करता येत असे, तेथे मुलांचा प्रश्न जातपंचायतीपुढे येई. मूल बापाच्या कुळाचे, ही सर्वसाधारण समजूत होती. अंगावर पिणारे मूल आईबरोबर जाई. मोठे झाल्यावर ते बापाच्या घरी परतणे अपेक्षित असे. रायगड परिसरातील मुस्लिम समाजात मात्र आईला लहान मुलांच्या संगोपनाचा, म्हणजे हिजानतीचा, हक्क शरियतनेच दिलेला होता. अर्थात पालकत्वाचा अधिकार तेथेही पित्याकडेच राहिला. सारांश, संगोपन आईचे व अधिकार बापाचा ही विभागणी धर्म व जात यांच्या सीमा ओलांडून सर्वत्र आढळते.

ब्रिटिशकालीन कायदे : १८५६ ते १८९०

वसाहतकालीन विधिनियमांत मातेच्या ताब्याचा प्रश्न प्रथम विधवेच्या संदर्भात आला. हिंदू विधवा पुनर्विवाह अधिनियम, १८५६ हा सुधारणेचा मोठा टप्पा मानला जातो. महाराष्ट्रात विष्णुशास्त्री पंडित यांच्यापासून धोंडो केशव कर्वे यांच्यापर्यंत अनेकांनी या कायद्याच्या आधारे चळवळ चालविली. परंतु याच कायद्याच्या कलम ३ कडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. मृत पतीने मृत्युपत्राने पत्नीस किंवा अन्य कोणास पालक नेमले नसेल आणि त्या विधवेने पुनर्विवाह केला, तर पतीचे वडील, आजोबा, आई, आजी किंवा कोणीही पुरुष नातेवाईक मुलांसाठी पालक नेमण्याचा अर्ज न्यायालयात करू शकत असे. म्हणजे मुलाचा बाप मृत झाल्यावरही आईचा हक्क निर्वेध नव्हता. तिने नवा संसार थाटला की तो पणास लागे. हा कायदा १९८३ मध्ये रद्द करण्यात आला.

दुसरा आणि आजही अमलात असलेला कायदा म्हणजे पालक व पाल्य अधिनियम, १८९०. विनोबांच्या जन्माच्या वेळी हाच कायदा लागू होता. त्याच्या मूळ कलम १९ नुसार, पिता जिवंत असेल व न्यायालयाच्या मते तो अपात्र नसेल, तर मुलाच्या देहासाठी दुसरा पालक नेमण्याचा अधिकार न्यायालयास नव्हता. विवाहित अज्ञान मुलीच्या बाबतीत हेच स्थान तिच्या पतीला दिलेले होते. कलम १७ मध्ये मात्र पालक नेमताना मुलाचे हित पाहावे, त्याचे वय, लिंग व धर्म, नियोजित पालकाचे चारित्र्य व कुवत यांचा विचार करावा आणि मूल समंजस वयाचे असल्यास त्याची पसंतीही विचारात घ्यावी, असे म्हटले होते. पित्याचा अधिकार आणि मुलाचे हित ही दोन तत्त्वे एकाच कायद्यात शेजारी ठेवली गेली. पुढील शंभर वर्षांचा इतिहास हा या दोन तत्त्वांतील ताणाचा इतिहास आहे.

इंग्लंडमध्येही परिस्थिती फार वेगळी नव्हती. कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेला पतीने मुलांपासून तोडल्यानंतर तिने केलेल्या प्रयत्नांतून १८३९ चा कायदा संमत झाला आणि सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आईला न्यायालयात अर्ज करता येऊ लागला. भारतासाठी १८९० चा कायदा करणाऱ्यांसमोर हा अनुभव होता. तरीही पित्याचे अग्रस्थान त्यांनी कायम ठेवले.

१८९५ मधील दुसरे घर

विनोबांचा जन्म झाला त्याच वर्षी, १० फेब्रुवारी १८९५ रोजी, कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पत्नी लक्ष्मीबाई यांनी पुढील काही वर्षे आपल्या मुलासह नातलगांच्या आश्रयाने काढली. पुढे त्या पतीकडे परतल्या व १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी टिळकांच्या प्रेमळपणाबरोबरच न सांगता घर सोडून जाण्याच्या, हाती आलेला पैसा वाटून टाकण्याच्या आणि संसाराचा भार पत्नीवर सोडण्याच्या स्वभावाचेही निःसंकोच वर्णन केले आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहता, १८५० च्या जातिविषयक निर्बंध निवारण अधिनियमामुळे धर्मांतराने कोणाचे हक्क नष्ट होत नसत. टिळकांनी मुलाच्या ताब्यासाठी न्यायालयाचा मार्ग धरला असता, तर मुलाला प्रत्यक्ष सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाईंची बाजू दुबळी ठरली असती. तसे घडले नाही. हा प्रश्न नातेसंबंध, सहनशीलता आणि परस्परांची ओढ यांच्या बळावर सुटला. प्रत्येक घरात असे घडत नाही. कायद्याची गरज नेमकी तेथे लागते, जेथे हे बळ संपलेले असते.

‘हित’ या तत्त्वाचा उदय

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन निर्णयांनी पित्याच्या निरपवाद अधिकारास मर्यादा घातल्या. पहिला निर्णय जे. कृष्णमूर्ती यांच्या ताब्याविषयीचा. त्यांचे वडील जी. नारायणय्या यांनी १९१० मध्ये दोन मुलांचे पालकत्व डॉ. ॲनी बेझंट यांच्याकडे लेखी सोपविले आणि नंतर ते परत मागितले. मद्रास उच्च न्यायालयाचा कौल वडिलांच्या बाजूने लागला. परंतु १९१४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. या प्रकरणात दोन मुद्दे स्पष्ट झाले. पालकत्व हा विश्वस्ताचा अधिकार असून पिता ते दुसऱ्याकडे कायमचे सोपवू शकत नाही. आणि ते परत मागितल्यावरही मुलाचे हित पाहणे न्यायालयास टाळता येत नाही. तसेच मूल जेथे सर्वसाधारणपणे राहते त्या ठिकाणच्या न्यायालयालाच अधिकारक्षेत्र असते, हा १८९० च्या कायद्यातील नियमही या प्रकरणामुळे ठळक झाला.

दुसरा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाचा. सरस्वतीबाई वेद विरुद्ध श्रीपाद वेद (१९४१) या प्रकरणात मुख्य न्यायमूर्ती बोमाँट यांनी असे मत मांडले की, आई मुलाचा सांभाळ करण्यास योग्य असेल तर कोवळ्या वयाच्या मुलासाठी तिची जागा भरून काढणारी दुसरी व्यक्ती मिळणे अशक्यप्राय आहे. पित्याचा हक्क नाकारण्यासाठी त्याला वाईट ठरविण्याची आवश्यकता यात नव्हती. मुलाच्या गरजेपासून विचार सुरू करण्याची ही पद्धत नंतरच्या अनेक निर्णयांत आधारभूत मानली गेली.

१९५६ चा कायदा : मिळालेले आणि राहून गेलेले

स्वातंत्र्यानंतर हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ ने वैवाहिक दाव्याच्या ओघात मुलांचा ताबा, पोषण व शिक्षण यांविषयी आदेश देण्याचा अधिकार न्यायालयास दिला. पाठोपाठ २५ ऑगस्ट १९५६ रोजी हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम अमलात आला. त्याच्या कलम १३ ने मुलाचे हित सर्वोच्च ठरविले. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, असेही कलम ६ मध्ये नमूद झाले. परंतु त्याच कलमात नैसर्गिक पालकांचा क्रम ‘पिता, व त्याच्यानंतर माता’ असा राहिला.

येथे ताबा व पालकत्व यांतील भेद लक्षात घ्यावा लागतो. ताबा म्हणजे मूल कोणाजवळ राहते, कोण त्याचा दैनंदिन सांभाळ करते. पालकत्व म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा व कागदावर सही करण्याचा अधिकार. १९५६ च्या कायद्याने आईला कोवळ्या मुलाचा ताबा दिला, परंतु सहीचा अधिकार दुसऱ्या क्रमांकावर ठेवला.

कलम ६ मधील अपात्रतेच्या तरतुदीही विचार करण्यासारख्या आहेत. जी व्यक्ती हिंदू राहिलेली नाही, किंवा जिने पूर्णपणे व अंतिमतः संसाराचा त्याग करून वानप्रस्थ, यती वा संन्यासी जीवन स्वीकारले आहे, ती नैसर्गिक पालक म्हणून काम करू शकत नाही. संन्यास घेऊन घर सोडणारा पिता या कलमाला ठाऊक आहे. संन्यास न घेता घराकडे पाठ फिरविणारा पिता त्यात नाही. व्यसनाधीन, परागंदा, पैसे न पाठविणारा, भेटीचा दिवस ठरवून न येणारा अशा पित्याविषयी कायद्याचा शब्द मौन बाळगतो. हे मौन भरून काढण्याचे काम न्यायालयांवर येऊन पडले.

जिजाबाई गाजरे प्रकरण : पिता ‘नसल्यासारखा’

या दृष्टीने जिजाबाई विठ्ठलराव गाजरे विरुद्ध पठाणखान या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा १९७० मधील निर्णय महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाचा आहे. विशेष म्हणजे तो मुलीच्या ताब्यासाठीचा दावा नव्हता. तो विदर्भातील शेतजमिनीच्या कुळवहिवाटीसंबंधीचा वाद होता.

एका अज्ञान मुलीच्या नावे जमीन होती. आईवडिलांचे पटत नसल्याने ते अनेक वर्षे वेगळे राहत होते. मुलगी आईजवळ होती. १९५१ पासून आई ही जमीन कुळास लावीत असे. १९५६ पर्यंत हा व्यवहार तोंडी चाले. १९५६–५७ या वर्षासाठी मात्र कुळाने मुलीच्या नावे, आईमार्फत, लेखी करार करून दिला. पिता हयात असताना आईने मुलीच्या वतीने केलेला हा करार वैध ठरतो काय, असा प्रश्न उपस्थित झाला.

न्यायालयाने शास्त्र व कायदा यांतील क्रम मान्य केला. पिता हयात असेल तर तोच नैसर्गिक पालक, हे तत्त्व नाकारले नाही. परंतु या पित्याने मुलीच्या व्यवहारात कोणतेही लक्ष घातलेले नव्हते, त्यामुळे मुलीपुरता तो अस्तित्वात नसल्यासारखाच होता, आणि म्हणून या विशिष्ट परिस्थितीत आई हीच नैसर्गिक पालक मानता येईल, असा निष्कर्ष काढला.

या निर्णयाचे दोन अर्थ लावता येतात. पहिला अर्थ प्रगतीचा आहे. पितृत्व हे केवळ जन्माने प्राप्त होणारे स्थान नसून वर्तनाने टिकवावे लागते, आणि वर्तनाने ते गमावताही येते, हे देशातील सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले. दुसरा अर्थ अधिक गंभीर आहे. आईने मुलीला अनेक वर्षे वाढविले, खाऊपिऊ घातले, आजारपणात सांभाळले असणार; परंतु न्यायालयाच्या दप्तरात तिचे पालकत्व प्रामुख्याने सिद्ध झाले ते जमीन खंडाने लावण्याच्या व्यवहारातून. संगोपनाचे श्रम कागदावर उमटत नाहीत. जमिनीचा करार उमटतो. जिच्याजवळ जमीन नाही अशा स्त्रीने आपले पालकत्व कोणत्या कागदाने सिद्ध करावे, हा प्रश्न या निर्णयाने अनुत्तरित ठेवला.

१९९९ : ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या अनुपस्थितीत’

सुमारे तीन दशकांनी हाच प्रश्न पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तो एका सुशिक्षित, सुस्थित व एकत्र नांदणाऱ्या कुटुंबातून. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये आपल्या अज्ञान मुलाच्या नावे भारतीय रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला. आई हीच पालक म्हणून सही करील, असे पतिपत्नींनी ठरविले होते. पित्याची सही आणावी किंवा आईस पालक म्हणून नेमल्याचे सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र जोडावे, असे बँकेने कळविले. या प्रकरणाबरोबरच वंदना शिवा यांची याचिकाही सुनावणीस आली. तिची पार्श्वभूमी विभक्त झालेल्या दांपत्यातील ताब्याच्या वादाची होती.

१७ फेब्रुवारी १९९९ रोजी सरन्यायाधीश ए. एस. आनंद, न्या. एम. श्रीनिवासन व न्या. उमेशचंद्र बॅनर्जी यांच्या पीठाने निर्णय दिला. कलम ६ रद्द केले गेले नाही. ‘त्याच्यानंतर’ या शब्दाचा अर्थ ‘त्याच्या मृत्यूनंतर’ असा न घेता ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा घ्यावा, असे ठरले. अनुपस्थिती कोणती, याचाही खुलासा झाला. पिता मुलाविषयी पूर्णतः उदासीन असणे, परस्पर संमतीने मुलाचा सर्व भार आईकडे असणे, आई व मूल यांच्यापासून दूर राहत असल्याने किंवा आजारपणामुळे पित्याला जबाबदारी पार पाडता न येणे, या सर्व स्थिती अनुपस्थितीत मोडतात. जिजाबाई गाजरे प्रकरणाचा आधार या निर्णयात घेतला गेला.

या व्याख्येच्या प्रकाशात गागोद्याच्या घराकडे पुन्हा पाहता येते. नोकरीसाठी बडोद्यास राहणारे जबाबदार वडील आणि मुलाला विसरलेला बेजबाबदार बाप हे नैतिकदृष्ट्या परस्परांच्या विरुद्ध टोकांवर आहेत. तथापि मुलाच्या वतीने आज, आत्ता, कोणी सही करावी, या व्यावहारिक प्रश्नापुरते दोघेही अनुपस्थितच ठरतात. १९९९ च्या निर्णयाने कोकणातील चाकरमान्याच्या घराची शतकभराची वस्तुस्थिती कायद्याच्या भाषेत प्रथमच सामावून घेतली. मात्र त्यातील मर्यादाही स्पष्ट आहे. पिता अनुपस्थित आहे हे आधी दाखवावे लागते. आईचा अधिकार अजूनही पित्याच्या रिकाम्या जागेतूनच उगवतो.

ताब्याचा अर्ज आणि पुराव्याचा प्रश्न

आज गागोदे बुद्रुक येथे राहणाऱ्या एखाद्या आईला मुलाचा एकटीकडे ताबा हवा असेल, तर १८९० च्या अधिनियमाचे कलम ९ तिला लागू होते. मूल जेथे सर्वसाधारणपणे राहते त्या क्षेत्रातील जिल्हा न्यायालयाकडे अर्ज करावा लागतो. रायगडचे जिल्हा मुख्यालय अलिबाग हे पेणपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार जेथे कुटुंब न्यायालय स्थापन झाले आहे तेथे हे काम त्याच्याकडे जाते; महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. कौटुंबिक हिंसाचाराचा प्रश्न असल्यास २००५ च्या कायद्यातील कलम २१ खाली दंडाधिकाऱ्याकडून तात्पुरता ताबा मिळविता येतो. २०१० च्या स्वीय विधि (सुधारणा) अधिनियमाने १८९० च्या कायद्यातील कलम १९ मध्ये ‘पिता’ या शब्दाबरोबर ‘माता’ हा शब्दही आणला.

मार्ग उपलब्ध झाला तरी पुराव्याची अडचण राहतेच. मारहाणीची फिर्याद असते, व्यसनमुक्ती केंद्राचा कागद असतो. परंतु बेभरवशाचेपणाचा कागद नसतो. शाळेच्या फाटकाशी मूल वाट पाहत उभे राहिले आणि बाप आला नाही, ही घटना कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही. म्हणून अशा अर्जात शाळेच्या फीच्या पावत्या, पालकसभेच्या नोंदवहीतील सह्या, लसीकरणाचे कार्ड, दवाखान्याचे केसपेपर, बँकेच्या पासबुकातील न आलेल्या रकमा यांना महत्त्व येते. १९५६–५७ च्या जमिनीच्या कराराची जागा या साध्या कागदांनी घेतली आहे. मूल समजत्या वयाचे असल्यास न्यायाधीश आपल्या दालनात त्याच्याशी बोलतात, आणि त्याची इच्छा विचारात घेतात; मात्र तीच अंतिम मानत नाहीत.

गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या रोक्सान शर्मा प्रकरणात (२०१५) पुराव्याचा भार कोणावर, हे स्पष्ट झाले. पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत आपण योग्य असल्याचे आईने सिद्ध करायचे नसून ती अयोग्य आहे हे पित्याने सिद्ध करायचे असते, असा हा निर्णय आहे. त्यापूर्वी धनवंती जोशी विरुद्ध माधव उंडे (१९९७) या, अमेरिका व मुंबई यांत विभागलेल्या मराठी कुटुंबाच्या प्रकरणात, पित्याची अधिक चांगली आर्थिक स्थिती किंवा परदेशी न्यायालयाचा आदेश हे मुलाच्या हिताहून मोठे नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवून आईकडील ताबा कायम राखला. आई भारतात परतली तेव्हा हे मूल तान्हे होते; अंतिम निर्णयाच्या वेळी त्याने वयाची बारा वर्षे ओलांडली होती. ताब्याच्या दाव्यात कालहरणाची किंमत पक्षकारांपेक्षा मूल अधिक मोजते, हे या कालगणनेवरून दिसते.

एकल ताब्याच्या मर्यादा

एकट्याकडे ताबा मिळाला म्हणजे दुसऱ्या पालकाचे नाते संपले, असा समज आढळतो. तो कायद्याला धरून नाही. पोषणाची जबाबदारी ताबा नसलेल्या पालकावरही राहते. हिंदू विवाह अधिनियमातील कलम २६ ला २००१ मध्ये जोडलेल्या परंतुकानुसार, मुलांच्या पोषण व शिक्षणाविषयीचे अर्ज शक्यतो नोटीस बजावल्यापासून ६० दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे. मुलाला भेटण्याचा मार्गही साधारणपणे खुला ठेवला जातो. आवश्यक तेथे ही भेट देखरेखीखाली होते. ताब्याचा आदेश कायमचा नसतो. परिस्थिती बदलल्यास तो बदलता येतो. बेभरवशाचा पालक सुधारला, तर त्याचे दार कायद्याने बंद केलेले नाही. हाच नियम आईलाही लागू आहे. मुलाचे हित हे तत्त्व आई किंवा बाप यांपैकी कोणाचीही कायमची बाजू घेत नाही. बेजबाबदार आईपासून जबाबदार पित्याकडे मूल सोपविण्याचे बळही त्याच तत्त्वात आहे.

विधि आयोगाने १९८९ मधील १३३ व्या अहवालात व पुन्हा मे २०१५ मधील २५७ व्या अहवालात मातापित्यांना समान नैसर्गिक पालकत्व देण्याची शिफारस केली. दुसऱ्या अहवालाने संयुक्त ताब्याचाही पुरस्कार केला. संयुक्त ताबा ही कल्पना स्वागतार्ह असली तरी दोन्ही पालक ठरल्या वेळी ठरल्या ठिकाणी येतील, या गृहीतकावर ती उभी आहे. हे गृहीतक जेथे टिकत नाही तेथे समान वाटपाचा आग्रह मुलाला अधिक अस्थिर करतो. जुलै २०१५ मध्ये एका अविवाहित मातेच्या प्रकरणात, मुलाशी संबंध न ठेवणाऱ्या पित्याला नोटीस न देताही मातेस पालक नेमता येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. मुलाच्या जीवनात सहभाग नसलेल्या पित्याची परवानगी मागण्याचे बंधन तेथे सैल झाले.

महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम आला. नावातील क्रम बदलला. १९५६ च्या कलम ६ मधील क्रम मात्र तसाच आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, १८५६ ते १९५६ या शतकात मातेचा ताब्याचा अधिकार वाढत गेला, परंतु पालकत्वाचा क्रम बदलला नाही. दुसरी, १९७० व १९९९ च्या निर्णयांनी ‘अनुपस्थिती’ची व्याप्ती मृत्यूपासून उदासीनतेपर्यंत वाढविली, त्यामुळे हयात पण बेजबाबदार पित्याविरुद्ध आईला कायदेशीर आधार मिळाला. तिसरी, हा आधार आजही अप्रत्यक्ष आहे. आईने केलेल्या संगोपनापेक्षा पित्याने न केलेल्या कर्तव्याचा पुरावा प्रथम मागितला जातो. त्यामुळे ताब्याचा अर्ज अपरिहार्यपणे आरोपपत्राचे रूप घेतो आणि मूल त्या आरोपांचे साक्षीदार बनते.

कलम ६ मधील एका शब्दाची दुरुस्ती केल्यास हे चित्र पूर्ण बदलेल असे नाही. परंतु अर्जाचा आरंभबिंदू बदलेल. ‘तो नाही’ हे दाखविण्याऐवजी ‘ती आहे’ हे सांगणे पुरेसे होईल. गागोद्याच्या घरात १८९५ नंतरच्या वर्षांत मुलाजवळ कोण होते, हे ठरविण्यासाठी कोणाला बडोद्याकडे पाहावे लागले नव्हते. जे घर सहज मान्य करीत होते, ते कायद्याच्या शब्दांत उतरणे अद्याप बाकी आहे.